उत्तम पुढे आला होता

त्या हंगामात कापसाच्या जिनिंगचा आवाज दुपारीच थांबायला लागला आणि आमच्या अम्मीचं डोकं दुखायला लागलं. लग्न होऊन दिग्रसला आल्यापासून तिला त्या आवाजाची सवय होती. दिवाळीनंतर मशीनी सुरू झाल्या की होळीपर्यंत आमच्या घराच्या पत्र्यातून, फडताळातल्या भांड्यांतून, अगदी पाण्याच्या माठातूनही एक बारीक थरथर चालू असायची. आम्ही जिनिंगच्या मागच्या अंगाला, मिस्त्रीसाठी बांधलेल्या दोन खोल्यांत राहायचो. अब्बा तिथले मिस्त्री होते. रोलर झिजला, पट्टा तुटला, मोटर जळली की रशीद मिस्त्रींना हाक जायची. रुईचे कण आमच्या घरात सगळीकडे असत. उशीवर, नमाजच्या चटईवर, अंबाडी-गोश्तच्या तेलाच्या तवंगावर. अम्मी चमच्याच्या टोकानं ते अलगद उचलून टाकायची आणि मग ताटं वाढायची. त्या वर्षी तिला ते उचलावे लागले नाहीत. बोंडअळीनं आणि अवेळी पावसानं कापूस असा गेला होता की पूर्वी ज्या गाड्यांची रांग मोठ्या रस्त्यापर्यंत लागायची, त्या फाटकाच्या आतच मावत होत्या. अर्ध्या मशीनींवर पोती टाकून ठेवली होती. दुपारी आवाज थांबला की अम्मी डोक्याला फडकं बांधून पडायची आणि म्हणायची, कोणी गेल्यासारखं वाटतं.

तरी हॉकी चालू होती. आज हे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. माझ्या शाळेतल्या मुलांना दिग्रसला हॉकीची टीम होती हे ठाऊकच नाही. पण आमच्या लहानपणी कापूस जितका खरा, तितकीच हॉकी खरी होती. जिनिंगचे मालक, ज्यांना सगळे नुसते शेठ म्हणायचे, त्यांना या खेळाचं वेड होतं. जो चांगला खेळेल त्याला हंगामात काम, हा त्यांचा साधा नियम. त्यामुळे आमच्या टीममध्ये रुईच्या गाठी बांधणारे, सरकी भरणारे, मशीनीवर उभे राहणारे असे सगळे एकाच अंगणातले लोक होते. अब्बा तरुणपणी बॅकला खेळायचे. गुडघा गेल्यावर त्यांनी खेळ सोडला, पण टीम त्यांचीच राहिली. कोणी कुठं उभं राहायचं हे शेठ नाही, अब्बा ठरवायचे, आणि ते एकदा बोलले की त्यावर दुसरं कोणी बोलत नसे.

माझा मोठा भाऊ सलीम अब्बांच्याच जागी, उजव्या बॅकला खेळायचा. दिसायला देखणा, धावायला वेगवान, आणि मैदानात कोणी बघतंय याची त्याला सतत जाणीव. गोलमध्ये उत्तम राठोड. उत्तम गावाबाहेरच्या तांड्यावरचा. त्याचे आजोबा बैलांवर माल लादून फिरणाऱ्यांतले, बाप शेतात राबणारा, आणि हा पहिला जिनिंगमध्ये आलेला. सलीमभाई आणि उत्तम दोघंही अब्बांच्या हाताखाली मशीनीचं काम शिकत होते. दुपारची भाकर उत्तम आमच्याच ओट्यावर बसून खायचा. घरून आणलेलं भाकरीचं फडकं तो सोडायचा आणि अम्मी त्यात काहीतरी वाढायची. तो तिला याडी म्हणायचा. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. मला बाई म्हणायचा, म्हणजे बहीण. अम्मी सुरुवातीला संकोचायची, पुढे तो एखाद्या दिवशी नाही आला तर विचारायला लागली.

गोली, म्हणजे गोल राखणारा, काय बघतो, हे मला उत्तमनंच शिकवलं. मी तेव्हा दहावीत होते. संध्याकाळी अंगणात तो भिंतीसमोर उभा राहायचा आणि मी रबरी चेंडू भिंतीवर मारायची. उडून येणारा चेंडू तो पायानं अडवायचा. तो म्हणायचा, चेंडूकडं तर सगळेच पाहतात, मी माणसाच्या खांद्याकडं पाहतो. समोर आपला एकही बॅक उरला नाही तर रेषेवर थांबायचं नाही, पुढे जायचं, म्हणजे मारणाऱ्याला गोल लहान दिसतो. थांबला तर गोल हमखास, पुढे गेला तर निदान एक संधी. मला हे पाठ झालं होतं. हे इथं लिहून ठेवणं गरजेचं आहे, कारण पुढे जे झालं त्यात मला खेळ कळत नव्हता असं म्हणायची सोय मला नाही.

पुसदच्या स्पर्धेच्या फायनलच्या आदल्या दिवशी सकाळी अब्बा चहात पाव बुडवत अम्मीला सांगत होते की शेठनी बोलावलं होतं. पुढच्या वर्षी जिनिंग अर्धीच चालणार. मिस्त्रीच्या हाताखाली एकच माणूस राहील, तो मात्र बारमाही. सलीम की उत्तम, ते फायनल झाल्यावर बोलू, असं शेठ म्हणाले. अम्मीनं विचारलं, काम कोणाला जास्त येतं. अब्बा म्हणाले, उत्तमला. मग कप खाली ठेवून उठले. सलीमभाई दारातच पायाला पट्टी बांधत बसला होता. त्यानं मान वर केली नाही, पण त्याचं पट्टी गुंडाळणं थांबलं हे मी पाहिलं.

पुसदला आमची खाला, अम्मीची बहीण, राहायची. तिच्या घराची मागची भिंत थेट मैदानाला लागून, एका गोलाच्या अगदी पाठीमागं. म्हणून अम्मी आणि मी एसटीनं आधीच गेलो. अम्मी खालाशी बोलत आत बसली, तिला मॅच बघवत नसे. मी शिडी लावून भिंतीवर चढले आणि ओढणी डोक्यावर घट्ट ओढून बसले. खालचं मैदान मातीचं, धुळीनं भरलेलं. शेठचा मांडव दूर, दुसऱ्या टोकाला. उत्तरार्धात उत्तम माझ्या बाजूच्या गोलात आला तेव्हा त्यानं वळून वर पाहिलं आणि हात केला.

एक-एक बरोबरीत वेळ संपली. ज्यादा वेळ सुरू झाली, त्यात जो पहिला गोल करील तो जिंकला असा नियम होता. या वेळेतही उत्तम माझ्याच बाजूला होता. दूरच्या टोकाला आम्हाला शॉर्ट कॉर्नर मिळाला. आमचा डावा बॅक तो मारायला वर गेला, सगळं मैदान तिकडे सरकलं, लोकही तिकडेच सरकले. फटका अडला, चेंडू सुटला, आणि पुसदचा सेंटर फॉरवर्ड तो घेऊन एकटा आमच्या अर्ध्यात निघाला. त्याच्या आणि उत्तमच्या मध्ये फक्त सलीमभाई होता. सलीमभाईनं त्याला बरोबर गाठलं. स्टिकला स्टिक लागली, चेंडू उडाला आणि त्या फॉरवर्डच्या पायाला लागल्यासारखं झालं. हॉकीत चेंडू पायाला लागला की फाऊल. लागला असेल, नसेलही. सलीमभाई थांबला. स्टिक काखेत घेतली, एक हात वर केला आणि पंचाकडे वळून बघायला लागला. शिट्टी वाजली नाही. फॉरवर्ड त्याच्या बाजूनं चालत गेल्यासारखा पुढे गेला. सलीमभाई तसाच उभा होता, हात वर, पाठ आमच्या गोलाकडे. मग उत्तम पुढे धावला. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं. फॉरवर्डनं चेंडू त्याच्या पॅडच्या बाजूनं ढकलला. तो इतका सावकाश रेषेकडे गेला की मला वाटलं मी भिंतीवरून उडी मारून अडवू शकेन. दूरच्या लोकांच्या माना वळेपर्यंत त्यांना दिसला तो मैदानात पडलेला उत्तम आणि त्याच्या मागं रिकामा गोल.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, बाजार बंद. सकाळपासूनच माणसं आमच्या अंगणात जमायला लागली. अंगणाच्या कडेला अब्बांची कामाची टिनाची शेड होती, तिथं लाकडी बाकड्यावर अब्बा बसले होते. शेठसाठी घरातली खुर्ची नेऊन ठेवली. बाकी लोक सरकीच्या पोत्यांवर, उलट्या डब्यांवर. हरलेल्या मॅचनंतर हे नेहमीच व्हायचं. पण त्या दिवशी बोलण्यात मजा नव्हती. पुढल्या वर्षी इथल्या बहुतेकांना काम नाही, हे हळूहळू सगळ्यांना कळलं होतं. शेठवर राग काढता येत नाही, कापसावर काढता येत नाही, तो मग बचावफळीवर निघत होता.

बापूंनी बाकड्यावर मॅच मांडली. बापूंचं बसस्टँडसमोर सायकलचं दुकान होतं, टीमच्या प्रत्येक मॅचला ते स्वखर्चानं जायचे आणि स्वतः कधी खेळले नव्हते. आमच्या खेळाडूंसाठी त्यांनी नट घेतले, पुसदवाल्यांसाठी बोल्ट, आणि उत्तमसाठी एक जुनं बेअरिंग. आधी पहिल्या गोलवर भांडण झालं. हाफनं माणूस सोडला की बॅकनं, यावर दोन जण उठून उभे राहिले. मग डावा बॅक शॉर्ट कॉर्नरला वर का गेला, यावर. त्यानं शांतपणे सांगितलं, मिस्त्रींनीच पाठवलं होतं, आणि विषय तिथं बंद झाला. मग आला शेवटचा गोल. कोणीतरी म्हणालं, गोलीनं रेषा सोडली. दुसरा म्हणाला, सोडली म्हणजे, अर्ध्या वाटेत गेलता. तिसरा म्हणाला की रेषेवर राहिला असता तर चेंडू त्याच्या पायाशीच आला असता, इतका हळू होता. बघता बघता सगळ्यांचं एकमत व्हायला लागलं. दमलेल्या माणसांना एकमत फार लवकर सापडतं, हे मी नंतर शाळेच्या बैठकांतही पाहिलं आहे.

उत्तम शेडच्या खांबाला टेकून उभा होता. पॅड त्यानं दोरीनं बांधून सोबत आणले होते, कारण ते जिनिंगचे होते आणि सोमवारी परत करायचे होते. सलीमभाई अब्बांच्या पायाशी बसून एक स्पॅनर फडक्यानं पुसत होता.

बापू मात्र ऐकेनात. त्यांनी बेअरिंगवर बोट ठेवलं. "गोली पुढं आला हे मले बी दिसलं. पण काहून आला? हा बोल्ट इथवर पोचला तवा आपला उजवा बॅक कुठं होता, हे कोणी सांगा."

सलीमभाईसाठी घेतलेला नट त्यांच्या हातात होता आणि तो कुठं ठेवायचा हे कोणालाच सांगता येत नव्हतं. सलीमभाई म्हणाला की मी त्याला अडवला होता, चेंडू त्याच्या पायाला लागला, पंचानं दिलं नाही. एवढंच.  शेठ अब्बांकडे वळले आणि म्हणाले, मिस्त्री, तुम्ही मधल्या रेषेजवळ होते, तुम्हीच सांगा, म्हणजे मले बी ठरवता येईल.

काय ठरवायचं होतं ते त्या अंगणात चौघांना माहीत होतं. शेठना, अब्बांना, सलीमभाईला आणि मला. उत्तमला माहीत नव्हतं.

 अब्बा बाकड्यावरच्या नटांकडे बघत राहिले. मी तेव्हा चहाचे कप घेऊन शेडमध्ये आले होते. बापूंची नजर माझ्यावर गेली आणि ते म्हणाले, अरे, मिस्त्रींची पोरगी तर गोलाच्या मागंच होती, भिंतीवर. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "नसीम, तुले तं सारं दिसलं असन. काय झालतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या वयापर्यंत इतक्या पुरुषांनी एकदम माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मी सलीमभाईकडे पाहिलं. तो स्पॅनर पुसत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. मी उत्तमकडे पाहिलं. तो निवांत होता. मला वाटतं, मला विचारलं म्हणून त्याला बरंच वाटलं.

"उत्तमभाऊ पुढे आले होते," मी म्हणाले. "फॉरवर्ड डीत यायच्या आधीच."

मी खोटं बोलले नव्हते. तो पुढे आला होता. आणि हे वाक्य मी किती नीट बेतलं होतं ते आज मला दिसतं. त्यात डी, म्हणजे गोलासमोरचं अर्धवर्तुळ, होता, फॉरवर्ड होता, वेळ होती. खेळ जाणणाऱ्या मुलीची साक्ष होती ती. त्यात सलीमभाईचा वर केलेला हात तेवढा नव्हता. बापूंनी विचारलं, आणि तुझा भाऊ? मी म्हणाले, धूळ होती, तिकडचं नाही दिसलं. हे मात्र खोटं होतं.

बापूंनी हातातला नट डब्यात टाकला. शेठ उठले आणि अब्बांना म्हणाले, ठीक आहे मिस्त्री. अब्बांनी मान हलवली. होकाराची होती की नुसती हलली, ते मला आजही सांगता येत नाही. लोक कप रिकामे करून पांगले. उत्तम पुढे आला, पॅड बाकड्यावर ठेवले, दोरीची गाठ सोडून दोरी स्वतःच्या खिशात घातली, कारण दोरी त्याची होती. माझ्याकडे त्यानं एकदा पाहिलं. रागानं नाही. समोरच्याचा खांदा कुठं वळतोय हे बघताना तो जसा बघायचा, तसं. मग तो निघून गेला. अम्मी आतून विचारत होती, उत्तम जेवायला थांबला नाही का.

हंगाम संपायच्या आतच तो तांड्यावरच्या काही घरांबरोबर ऊसतोडीला गेला. सलीमभाई बारमाही लागला. अम्मीनं शेवया केल्या, शेजारी वाटल्या. त्यानंतर दुसऱ्याच वर्षी जिनिंग बंद पडली. मशीनी भंगारात गेल्या, टीमच्या जर्सी कोणाकोणाच्या घरी पुसणी झाल्या आणि सलीमभाई पुसदला एका गॅरेजमध्ये लागला. म्हणजे ज्यासाठी हे सगळं झालं ते आम्हाला जेमतेम वर्षभर पुरलं. जास्त पुरलं असतं तर बरं वाटलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारते आणि उत्तर द्यायचं टाळते. सलीमभाई आणि मी त्या गोलबद्दल कधीही बोललो नाही. आम्ही चांगले भाऊ-बहीण आहोत. ईदला तो येतो, आपल्या नातवंडांना घेऊन. टीव्हीवर हॉकी लागली तर उठून बाहेर जातो.

अब्बांशी मात्र एकदा बोलणं झालं. मी शिक्षिका होऊन बरीच वर्षं झाली होती, अम्मी गेली होती, अब्बा माझ्याकडेच राहायचे. एका दुपारी मी त्यांची नखं कापत होते. मी विचारलं, तुम्हाला त्या दिवशी सगळं दिसलं होतं ना. कोणता दिवस, असं त्यांनी विचारलं नाही. आमच्या घरी बोलायच्या हिंदीत ते म्हणाले, "मैं बोलनेवालाच था. तू पहले बोल दी."

मी त्यांचा हात हातात धरून तशीच बसले. ते खरं बोलले की नाही मला माहीत नाही. कदाचित ते खरंच सलीमचं नाव घेणार होते. आयुष्यभर खेळाच्या बाबतीत त्यांनी कधी कोणाची भीड धरली नव्हती. किंवा कदाचित एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी ते तसं मांडून घेतलं असेल, आणि ओझं माझ्या अंगावर टाकून ते मोकळे झाले असतील. बाप मुलीशी असं वागत नाही, असं मला वाटायचं. पण मग मुलगीही तशी वागत नाही. त्यानंतर महिन्याभरात ते गेले आणि विचारायला कोणी उरलं नाही.

मागच्या वर्षी उत्तमचा पत्ता लागला. आमच्या शाळेतल्या एका मुलीचा तो चुलत आजोबा निघाला. ऊसतोड, मग हैदराबादकडे बांधकाम, असं करून कमरेनं अधू होऊन तो तांड्यावर परतला होता. मी एका शनिवारी शाळा सुटल्यावर गेले. तो घरासमोर बाजेवर बसला होता. मला ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. बायकोला हाक मारून म्हणाला, मिस्त्रींची पोरगी आली. पाणी झालं, चहा झाला, अम्मी कशानं गेली ते त्यानं विचारलं, आणि याडी चांगली होती म्हणाला. मग मी सांगितलं. शब्द मी वाटेत जुळवून ठेवले होते, पण ते भलत्याच क्रमानं आले. सलीमभाईचा हात, शेठची ती बारमाही जागा, धूळ नव्हती हे, सगळं.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी गोलात होतो, बाई. मले नाई दिसलं का सलीम थांबलेला?"

मी विचारलं, मग तेव्हा तुम्ही का नाही बोललात.

"माह्या बोलण्यानं काय झालं असतं? गोली तं म्हणनच, बॅकची चुकी. म्हनून मले वाटलं, तुले विचारलं ते बरं झालं." त्यानं बाजेची सुटलेली काथ्याची दोरी ओढून घट्ट केली. "आता सांगतलं. तुले हलकं वाटन. मले काय?"

  माफ केलं असं तो म्हणाला नाही, जा असंही म्हणाला नाही. थोड्या वेळानं कमरेवर हात ठेवून उठला आणि शेळ्या बांधायला घराच्या मागं गेला, तो मी असेपर्यंत परत आला नाही. त्याच्या बायकोला आमच्या बोलण्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं भाजलेल्या शेंगा कागदात बांधून माझ्या पिशवीत घातल्या आणि फाट्यापर्यंत सोडायला आली. एसटीत खिडकीशी जागा मिळाली. तो म्हणाला होता तसंच झालं होतं. फाटा मागं पडला आणि मला भूक लागली, अशी की किती दिवसांत लागली नव्हती. दिग्रस यायच्या आत मी त्या शेंगा सगळ्या खाऊन संपवल्या.